घरी घेऊन जावा

बेळगावातल्या मोठ्या दवाखान्यांच्या अतिदक्षता विभागाबाहेर जी बाकडी असतात, तिथे बसलेल्यांना एक वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. "आता घरी घेऊन जावा." डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर "मनीगे करकोंड होग्री." वाक्य एवढंच. त्याच्या पोटात मात्र बरंच काही असतं. इलाज संपला आहे, यंत्र काढलं तर माणूस फार वेळ राहणार नाही, यंत्र आम्ही काढणार नाही, तुम्ही सही करून न्या. खानापूरचा शेतकरी असो, निपाणीची विडी वळणारी बाई असो, नाहीतर चंदगडहून आलेलं कुटुंब असो, ते पोटातलं सगळ्यांना कळतं. सहसा कुणी उलटून विचारत नाही. फार तर एखादा हात जोडून म्हणतो, "तुमच्या वडलांना असं झालं असतं तर तुम्ही काय केला असता, डॉक्टर?"

दयामरणाला कायद्याने मान्यता द्यावी की नको, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. वक्तृत्व स्पर्धांचा तो ठरलेला विषय आहे. त्या बोलण्यात हे बाकडं कुठेच नसतं. बरा न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात कृत्रिम उपचार थांबवायची वाट या देशात कायद्याने उघडी आहे, आणि कर्नाटकात त्यासाठी सरकारचं परिपत्रकसुद्धा आहे. तरी आपण पुढच्या दाराने जात नाही. मागच्या दाराने जातो, आणि त्या वाटेवर वेदना आणि धाप शमवणारं मॉर्फिन नसतं.

त्या वाटेवर काय होतं ते सांगायला हवं, कारण घरची माणसं नंतर ते कुणाजवळ काढत नाहीत. सहीचा कागद इंग्रजीत असतो. त्यात लिहिलेलं असतं की वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत आहोत. तोंडी सल्ला न्यायचा, आणि कागदावर सल्ल्याच्या विरुद्ध. त्या सहीने दवाखान्याची जबाबदारी संपते आणि घरच्यांच्या मनाला कायमची टोचणी लागते. मग श्वासनलिकेतली नळी तशीच ठेवून व्हेंटिलेटर सोडवतात आणि नळीला हाताने दाबायची अँब्यू बॅग जोडतात. ती पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची असते. दाबायला पुतण्या नाहीतर जावई बसतो. घाबरला की तो भराभर दाबतो, दमला की मध्येच थांबतो. १५०० लिटरचा ऑक्सिजन सिलिंडर मिनिटाला १० लिटरने सोडला तर अडीच तास पुरतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या एखाद्या वाडीपर्यंत, पावसाळ्यात, हा हिशोब जेमतेम बसतो. घरी सोप्यात अंथरूण घातलेलं असतं. तिथे नळी काढतो तो बहुतेक वेळा रुग्णवाहिकेबरोबर आलेला पोरगा. नळी काढायच्या आधी धाप आणि घाबरेपणा शमवणारं औषध द्यायचं असतं, ते कुणी दिलेलं नसतं. कधी काही मिनिटं, कधी काही तास माणूस श्वासासाठी झगडतो आणि घरातली लहानमोठी सगळी ते बघत राहतात. उपचार थांबवणं म्हणतात ते हेच. त्रास कमी करायची कसलीही तयारी न करता ते इथे होतं.

डॉक्टरांना दोष देऊन भागत नाही. यंत्र काढल्याबद्दल उद्या खटला झाला तर काय, ही भीती खोटी नव्हती, आणि तिला बराच इतिहास आहे.

हा इतिहास सुरू होतो आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मुलीपासून. अरुणा शानबाग उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. पुढची ४१ वर्षं त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. अरुणांना अन्न भरवणं थांबवून शांतपणे जाऊ द्यावं, अशी मागणी करणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. अरुणांच्या बाबतीत मागणी फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार काढून घेता येतील हे तत्त्व मान्य केलं. केईएमच्या परिचारिकांना अरुणा हव्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नव्हता, याची नोंद निकालात आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. ४१ वर्षं ती बदलली गेली. या वादात कुठल्याही बाजूने बोलणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या.

९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात धरला आणि आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. कार्यपद्धती मात्र अशी घालून दिली की ती पार पाडणं जवळजवळ अशक्य होतं. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, दवाखान्याचं मंडळ, त्यावर जिल्हाधिकाऱ्याचं मंडळ, मंडळातल्या डॉक्टरांना २० वर्षांचा अनुभव, आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन रुग्णाला बघायचं. एवढं होईपर्यंत रुग्ण थांबणार कसा? अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनेच मग न्यायालयात अर्ज केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी नियम सोपे झाले. कर्नाटक सरकारचं परिपत्रक त्या नियमांवर ३० जानेवारी २०२५ रोजी निघालं.

आताची रीत अशी. दवाखान्यात प्राथमिक मंडळ बसतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. त्यांचं मत उपचार थांबवावेत असं पडलं की दुसरं मंडळ बसतं. त्यात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. रुग्णाने इच्छापत्रात नेमलेल्या व्यक्तीची संमती लागते. इच्छापत्रच नसेल आणि रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हाच मार्ग चालतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. अंमल करण्यापूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचं दार आहे.

बाकड्यावर बसलेल्या माणसाला यातलं एकच पुरेसं आहे. "घरी घेऊन जावा" असं कानावर पडलं की सही करण्याआधी शांतपणे विचारावं : "प्राथमिक मंडळ बसवता येईल काय? यंत्र इथेच काढून, त्रास न होता जाऊ देता येईल काय? आणि घरीच न्यायचं असेल तर धापेचं औषध लिहून देता काय?" अडचण खरी कुठे येते तर लहान दवाखान्यांत. तालुक्याच्या ठिकाणी एका विषयाचे तीन तज्ज्ञ जमणं कठीण, दुसऱ्या मंडळासाठी आणखी तीन. त्यामुळे हे काम प्रत्यक्षात बेळगाव, हुबळी नाहीतर कोल्हापूर-मिरजेकडेच होणार. रुग्णाला तालुक्यातून हलवायचं की नाही हे ठरवतानाच हा प्रश्न विचारून ठेवावा.

इच्छापत्राबद्दल थोडं सावकाश बोलू, कारण चुका तिथेच होतात. १८ वर्षांवरच्या, शुद्ध मनाच्या कुणालाही ते करता येतं. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो ज्यांचा काही संबंध नाही असे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. एक प्रत नेमलेल्या व्यक्तीकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. खेड्यात पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, आधी भेटून विचारून घ्यावं. लेखी देऊन ते केव्हाही मागे घेता येतं. नियमातलं एक वाक्य मात्र जपून वाचावं : इच्छापत्र संदिग्ध असेल तर मंडळ त्यावर अंमल करणार नाही.

आणि बहुतेकांच्या मनातलं पहिलं वाक्य संदिग्धच असतं. "मला मशिनवर ठेवू नका." खानापूरच्या रानपट्ट्यात मण्यार चावलेला माणूस डोळ्यांच्या पापण्यासुद्धा उचलू शकत नाही, छातीचे स्नायू थांबतात, बघणाऱ्याला तो गेल्यासारखाच वाटतो. त्याला व्हेंटिलेटरवर काही दिवस काढू दिले तर तो चालत घरी जातो. बऱ्या होणाऱ्या न्यूमोनियाचंही तसंच. म्हणून आधी परिस्थिती लिहावी, मग उपचार. 'आजार बरा होणारा नाही आणि मी माणसं ओळखण्याच्या स्थितीत परत येणार नाही असं तज्ज्ञांचं मत पडेल तेव्हा' इथून सुरुवात करावी. त्यानंतर एकेक उपचार नावाने घ्यावा : छाती दाबून हृदय चालू करणं, व्हेंटिलेटर, गळ्याला भोक पाडून घातलेली नळी, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधं, नाकातून अन्नाची नळी. प्रत्येकासमोर हवं किंवा नको. छाती दाबण्याबद्दल न चुकता लिहावं. शरीरभर पसरलेल्या कॅन्सरच्या शेवटी त्याचा उपयोग जवळपास कधीच होत नाही आणि म्हातारपणी बरगड्या मोडतात. मनाची चलबिचल असेल तर 'पाच दिवस व्हेंटिलेटर लावून पाहावं, सुधारणा नसेल तर काढावं' असंही लिहिता येतं, आणि माझ्या मते हीच सगळ्यात शहाणी ओळ आहे. शेवटी एक वाक्य घालायचंच : वेदना आणि धाप कमी करणारं औषध मला कुठल्याही परिस्थितीत मिळालं पाहिजे.

नेमायची व्यक्ती रिवाजाने थोरला मुलगा म्हणून निवडू नये. जो रडत रडत का होईना तुमचं म्हणणं डॉक्टरांना सांगू शकेल, तो निवडावा. पुष्कळदा ती सून असते, धाकटी मुलगी असते. दोघांना क्रमाने नेमता येतं. आणि जे दूर आहेत त्यांना आधीच फोन करून सांगावं, कारण सगळं ठरल्यावर पुण्याहून नाहीतर बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीने आलेलं लेकरू सकाळी आयसीयूच्या दारात म्हणतं, "जे जे करता येतं ते सगळं करा," आणि सहा माणसांनी दोन दिवस बसून केलेला विचार तिथेच मोडतो. त्याचं प्रेम खोटं नसतं. त्याला तयार व्हायला वेळ मिळालेला नसतो.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे आहेच. कागद मराठीत लिहावा, कारण स्वतःच्या मरणाबद्दलचं वाक्य स्वतःच्या भाषेतच नीट उतरतं. पण रात्री दोन वाजता तो वाचणाऱ्या डॉक्टरांना मराठी येईलच असं नाही. म्हणून मराठीच्या शेजारी ओळीला ओळ इंग्रजी मजकूर ठेवावा, आणि दोन्हींत फरक वाटला तर कुठला धरायचा हे खाली लिहावं. सीमेपलीकडच्या दवाखान्यात हा कागद चालेल काय, असं निपाणी-चिकोडीकडचे लोक विचारतात. चालायला हवा, कारण सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश दोन्ही राज्यांना बंधनकारक आहेत. दुसऱ्या मंडळावरचे डॉक्टर तेवढे त्या त्या जिल्ह्याच्या आरोग्य प्रशासनाने नेमायचे. चोर्ला घाट उतरून गेलं की गोवा, आणि तिथे ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली.

आता वादाचा उरलेला भाग. इंजेक्शन देऊन जीव संपवणं, रुग्णाने हात जोडून मागितलं तरी, भारतात आजही गुन्हा आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून ते अटींसह चालतं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९९७ पासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू अटळ असलेल्या रुग्णाला डॉक्टर औषध लिहून देऊ शकतात, घ्यायचं मात्र रुग्णाने स्वतः. तिकडच्या लोकांचे युक्तिवाद हलके नाहीत. मेंदू शाबूत असताना एकेक स्नायू निकामी होत जाणाऱ्या माणसाला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार मला कुठून मिळाला, याचं समाधान होईल असं उत्तर माझ्यापाशी नाही.

तरी इथे, आज, असा कायदा नको असं माझं ठाम मत आहे. आपल्या घरातली म्हातारी माणसं "मला आता उरकून टाका" म्हणतात तेव्हा ते नेमकं कोण बोलतं? दवाखान्याचं बिल बोलतं, सोसायटीचं कर्ज बोलतं, उताऱ्यावरच्या नावांची कुजबूज बोलते. कधी न ओळखलेलं नैराश्य बोलतं, आणि ते औषधाने बरं होतं. पुष्कळदा नुसती वेदना बोलते. वेदना थांबवायची सोय न करता मरणाची सोय केली तर आपण त्या माणसाला निवड दिली असं म्हणता येणार नाही.

शिवाय या भागाला स्वेच्छेने जाण्याची एक फार जुनी ओळख आहे. आचार्य शांतिसागर महाराज आपल्या भोजचे. दृष्टी गेल्यामुळे पावलाखालचे जीव दिसेनात, अहिंसेचं व्रत पाळता येईना, म्हणून १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवायचं जैन व्रत, घेतली आणि ३६ व्या दिवशी, १८ सप्टेंबरला देह ठेवला. बेळगाव, चिकोडी, अथणीकडच्या जैन घरांत ही स्मृती अजून ताजी आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याला, म्हणजे याच व्रताला, आत्महत्या ठरवलं, आणि त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं. ते व्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं, गुरूसमोर, उघडपणे, मागे फिरायची वाट ठेवून. दुसऱ्यावर ते घालता येत नाही. इच्छापत्राच्या नियमांत साक्षीदार आहेत, मागे घेण्याची मुभा आहे, ती याच काळजीपोटी.

मॉर्फिनकडे येतो. तोंडाच्या कॅन्सरचा शेवटचा टप्पा ज्या घरात आलेला असतो तिथे या एका गोळीने दिवस आणि रात्र बदलते. ती डॉक्टरांनीच सुरू करायची असते. अशक्त म्हाताऱ्या माणसाला सहसा अडीच ते पाच मिलिग्रॅमपासून, दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता घड्याळ लावून. 'दुखलं तर द्या' असं केलं की औषध कायम वेदनेच्या मागे धावत राहतं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं, मग सवय होते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर हवंच. ते न दिल्यामुळे पोट फुगतं आणि घरचे मॉर्फिनच बंद करतात, ही सगळ्यात नेहमीची चूक. मूत्रपिंड निकामी असेल तर औषध अंगात साठतं, झटके येतात, तिथे दुसरं औषध निवडावं लागतं. मोजून मापून वाढवलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही, हे डॉक्टरांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगायला हवं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचामुळे ते दुकानांत ठेवायला कुणी धजत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवानगी पुरेशी केली. म्हणजे तालुका रुग्णालयात ते ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. मागणी करायची असेल तर ती ही करावी, आमदारांकडे, ग्रामसभेत, जिथे जमेल तिथे.

तंबाखूच्या पट्ट्यात गालाची जखम फुटून बाहेर आलेली असते, तिच्या वासाने नातवंडं जवळ येत नाहीत आणि माणूस त्यानेच खचतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून ती पूड ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर टाकली की वास उतरतो. गळ्याशी जखम असेल तर गडद रंगाचा जाड टॉवेल उशाशी ठेवावा. अचानक रक्त आलं तर पांढऱ्या कापडावर ते फार दिसतं आणि बघणारे कोलमडतात.

घरीच शेवट व्हायचा असेल तर गावातल्या डॉक्टरांना चार दिवस आधी बोलावून रुग्ण दाखवून ठेवावा. मृत्यूच्या कारणाचा नमुना ४अ त्यांनाच भरायचा असतो, आणि न पाहिलेल्या रुग्णाचा ते भरत नाहीत. नोंद २१ दिवसांत करायची. घशात घरघर सुरू झाली तर माणसाला कुशीवर वळवावं. तो आवाज ऐकणाऱ्याला असह्य होतो, पण त्या वेळी रुग्णाला बहुधा त्याची जाणीव नसते. खायला घालू नये. शरीराने भूक मिटवलेली असते आणि गंजीचा घोट फुफ्फुसात जातो.

आपल्याकडे शेवटी तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घालायची रीत आहे. ती मोडायचं कारण नाही. पळीने ओतू मात्र नये. कापसाचा बोळा भिजवून नीट पिळावा आणि ओठांवरून, जिभेच्या शेंड्यावरून फिरवावा, अर्ध्या-एक तासाने पुन्हा. तुळशीचं पान ओठांवर ठेवावं, आत ढकलू नये. आणि बोलत राहावं. ऐकू येणं अगदी शेवटपर्यंत राहतं असं मानूनच परिचारिका काम करतात, आपणही तसंच मानावं.